मंजुळेने दळलेला ढीग

आंब्याच्या झाडांनी भरलेल्या एका डोंगराखाली बारा गावे होती, आणि त्या बाराही गावांत एकच रीत होती. आंबा खाल्ला की कोय घराच्या पुढच्या भिंतीशी टाकायची. सालही तिथेच टाकायची. ती कोणी उचलायची नाही, कोणी हलवायची नाही. मोसमभर दारात ढीग वाढत राहायचा. ज्याचा ढीग मोठा त्याची बाग मोठी, आणि ज्याची बाग मोठी तो माणूस मोठा.

ज्यांचा ढीग उंबरठ्याइतका, ते उंबरठ्याचे. ज्यांचा खिडकीइतका, ते खिडकीचे. आणि ज्यांचा ढीग थेट छपराच्या वळचणीला टेकला, ते वळचणीचे. वळचणीचे लोक रस्त्याच्या मधोमध चालत.

ढिगाला वास येई. माश्या तर इतक्या की बोलताना तोंडावर हात धरावा लागे. पण वासाची तक्रार कोणी करत नसे. "घरात काही आहे, म्हणून वास येतो," असे जाणती माणसे म्हणत. मृग निघाला की माश्या घराघरांत शिरत आणि बाराही गावांची पोटे बिघडत. मग लोक देवीपुढे नारळ फोडत, खोबरे वाटत आणि करवंटी घरी आणून ढिगावर टाकत.

या बारांपैकी एका गावात तुळाजी नावाचा बागाईतदार राहत होता. माणूस मनाने चांगला. झाडाला मुंगळे लागले तर त्यांना हळूच झटकणारा. पण तो खिडकीचा होता आणि त्याला वळचणीचे व्हायचे होते. एवढे एकच दुखणे त्याला होते. आपल्या घरातले कोणी आंबा अर्धा खाऊन उठले तरी त्याला राग येत नसे. कोय मात्र नीट ढिगावर पडली की नाही, हे तो उठून पाहून येई.

तुळाजीला एक मुलगी होती. तिचे नाव मंजुळा. ती लहानपणी दोन वर्षे मावशीकडे राहून आली होती. मावशीचे गाव माळावरचे. तिथे आंब्याची झाडे चारच होती. चार झाडांच्या गावात आंबा शेवटपर्यंत खातात. रस काढला की साली आणि कोयी धुऊन त्या पाण्याचे सार करतात. साली वाळवून, मीठ-मिरची घालून चटणी कुटतात. आणि कोय उन्हात वाळवून दगडाने फोडतात. आतला गर फार तुरट असतो. तो चिरून पाण्यात भिजवायचा, तीन वेळा पाणी बदलायचे, पुन्हा वाळवायचा आणि जात्यावर दळायचा. ते पीठ ज्वारीच्या पिठात मिसळले की भाकरी पोटाला आधार देते. आणि पोट बिघडले तर चिमूटभर पीठ भाजून ताकात घालून घेतात.

हे सगळे मंजुळा मावशीकडून शिकून आली होती. घरी आल्यावर तिने दारातला ढीग पाहिला. मावशीच्या गावाचे चार महिन्यांचे जेवण तिथे माश्या खात आहेत, असे तिला दिसले. ती आईला म्हणाली, "आई, यातल्या थोड्या घेऊ?"

आई ठकूबाई म्हणाली, "मागच्या बाजूनं घे. पुढून घेतल्यास तर तुझ्या आबांना ताप येईल."

तेव्हापासून मंजुळा ढिगाच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूने कोयी काढी. साली तर ढिगावर पडण्याआधीच उचली. गेल्या पावसाळ्यात सारे गाव तांबे घेऊन पळत होते, तेव्हा तुळाजीचे घर गाढ झोपत होते. तुळाजी लोकांना सांगे, "माझी पुण्याई."

अशात एक दिवस निरोप आला. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला रंभाजी नावाचा बागाईतदार होता. वळचणीचा. तीन पिढ्यांचा वळचणीचा. त्याचा मुलगा हैबती लग्नाचा होता. रंभाजीने कळवले होते, "उद्या सकाळी ढीग पाहायला येतो."

त्या बारा गावांत मुलगी पाहायला कोणी येत नसे. ढीग पाहायला येत. मुलगी दिसली तर दिसली.

तुळाजीला हर्ष झाला. तो धावत दारात गेला आणि मोठ्या कौतुकाने त्याने ढिगाला हात लावला. हात लावताच ढीग बसला. पुढून खिडकीइतका दिसत होता तो सोंगासारखा नुसता पापुद्रा होता. खाली घसरून तो उंबरठ्यापाशी थांबला.

"अगं ए! ढीग खचला!" तुळाजी ओरडला.

ठकूबाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "खचला नाही. खाल्ला."

"कोणी?"

"तुम्हीच. कालच दोन भाकरी जास्त घेतल्यात."

तुळाजीने थुंकायचा प्रयत्न केला. पण भाकरी कालची होती. मंजुळा पिठाचे हात पुसत बाहेर आली.

"मंजे," तुळाजी म्हणाला, "तू माझी अब्रू दळलीस."

"आबा, कोयी दळल्या," मंजुळा म्हणाली. "आणि महिनाभर तुम्हीच म्हणताय, यंदाची ज्वारी गोड निघाली."

खरे तर भाकरी गोड होतीच. पण उद्या वळचणीची माणसे येणार होती आणि दारात उंबरठ्याइतका ढीग होता. मुलगी आपल्याच घरचा उकिरडा खाते, हे बारा गावांत कळले असते तर तिच्यासाठी पुन्हा कोणी आले नसते. तुळाजीला आपली अब्रू हवी होती हे खरेच. पण मंजुळेचे घर उभे राहावे, हेही त्याला हवे होते. त्या दिवशी त्याला दोन्ही एकच वाटले.

तो शेजाऱ्यांकडे गेला. म्हणाला, "चार पाट्या कोयी द्या. उद्या परत करतो."

पहिला शेजारी म्हणाला, "बैल माग, देतो." दुसरा म्हणाला, "तुळाजी, असलं मागणं बरं नव्हे. घरात लहान मुलं आहेत." तिसऱ्याने लगेच आपल्या ढिगाला कुंपण घालायला सुरुवात केली.

मग तुळाजीच्या डोक्यात एक युक्ती आली. गोठ्यात धान्य साठवायची बांबूची रिकामी कणगी पडली होती, माणसाच्या उंचीची. भर दुपारी गाव झोपले असताना त्याने ती ढकलत दारात आणली आणि भिंतीशी पालथी उभी केली. एका कडेला दगड आल्यामुळे खाली वीतभर फट राहिली. तो गळून पडलेल्या आंब्यांच्या कोयी वेचायला बागेत गेला. येऊन त्याने तिच्याभोवती आणि तिच्यावर त्या नीट थापल्या, फट बुजवली, वरून ताज्या साली पसरल्या. ढीग वळचणीला टेकला! तुळाजी चार पावले मागे जाऊन पाहू लागला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आयुष्यात पहिल्यांदा तो वळचणीचा झाला होता.

तो बागेत गेला होता तेवढ्यात एक गोष्ट घडली होती, ती त्याला माहीत नव्हती. घरची कोंबडी आपली सात पिल्ले घेऊन सावली शोधत आली होती, आणि तिला ती फट फार आवडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. रंभाजी, हैबती, हैबतीचा मामा आणि आणखी दोन नातलग. रंभाजीने दारातच थांबून ढीग खालून वर पाहिला. मान मागे न्यावी लागली, तेव्हा तो प्रसन्न झाला.

"तुळाजीराव, तुम्ही खिडकीचे असं ऐकलं होतं."

"लोक कमीच सांगतात," तुळाजी म्हणाला.

मग पाहुणचार सुरू झाला. तोही तिथल्या रीतीने. पाहुण्यांनी ओटीवर बसायचे, आंबे चोखायचे आणि कोय यजमानाच्या ढिगावर फेकायची. जेवढ्या कोयी जास्त, तेवढा यजमानाचा मान मोठा. पाण्यात टाकलेल्या आंब्यांच्या पाट्या पुढे आल्या. पहिला मान रंभाजीचा. त्याने एक आंबा चोखला आणि कोय झोकात फेकली. ती ढिगावर आपटली.

"कॉक्," ढीग म्हणाला.

रंभाजीने तुळाजीकडे पाहिले. तुळाजीने छातीवर हात ठेवला. "उचकी लागली."

मामाने कोय फेकली. "कॉक्."

"यांचं असंच आहे," ठकूबाई आतून म्हणाली. "पाहुणे आले की उचकी लागते."

पाहुणे दिलदार होते. आंबे खात राहिले, कोयी फेकत राहिले. प्रत्येक कोयीला ढीग उत्तर देत राहिला, आणि तुळाजी प्रत्येक वेळी छातीवर हात आपटत राहिला. शेवटी शेवटी तो ढिगाच्या आधीच उचकी देऊ लागला. एकदा तो पाणी पीत असताना मामाची कोय पडली. तोंडात पाण्याचा घोट, आणि "कॉक्" मात्र स्पष्ट ऐकू आले. पाठोपाठ बारीक आवाजात सात वेळा चिवचिव झाली.

रंभाजीने हातातला आंबा खाली ठेवला. "तुळाजीराव," तो म्हणाला, "तुमच्या उचकीला पिल्लं झाली वाटतं."

त्याने काठी उचलली आणि ढिगात खुपसली. कोयी घरंगळल्या. साली सरकल्या. आतून कणगीचे बांबू दिसले. खालची फट मोकळी झाली आणि तिच्यातून कोंबडी बाहेर आली. तिने अंग झाडले, पाच पाहुण्यांकडे रागाने पाहिले आणि पिल्लांची रांग घेऊन ओटीसमोरून निघून गेली.

रंभाजी उठून उभा राहिला.

"चला रे. पोकळ घरची मुलगी आम्हांला नको."

एवढे बोलून तो खाली बसला. पुन्हा उठला. पुन्हा बसला. त्याच्या कपाळावर घाम आला. वळचणीच्या माणसाने बावीस आंबे खाल्ले होते. मामाने अठ्ठावीस. आणि पाचही जणांच्या प्रत्येक आंब्यावर ढिगावरच्या माश्या आधी बसून गेल्या होत्या.

"तांब्या," रंभाजी हळूच म्हणाला.

घरात तांबे तीन होते. पाहुणे पाच. तीन तांबे घेऊन तिघे बागेच्या मागे पळाले. चौथा परसातल्या बादलीसह गेला. हैबतीच्या हाती आधी तांब्या आला होता, पण मामाचे तोंड पाहून त्याने तो मामाला देऊन टाकला, आणि आपण भिंतीला धरून, डोळे मिटून, देवाचे नाव घेत उभा राहिला. दाराआडून मंजुळेने हे पाहिले.

तासाभरात पाहुणे इतके गेले आणि इतके आले की रागावायची ताकद कोणात उरली नाही. गावाकडे परत जायचे तर डोंगर चढायचा होता. वाटेत झाडे पुष्कळ होती, पण पाणी नव्हते. पाचही जण ओटीवर आडवे झाले. रंभाजीचा फेटा कुठेतरी बागेतच राहिला होता.

तेव्हा मंजुळा बाहेर आली. तिच्या हातात ताकाचे पाच पेले होते. तिने ते रंभाजीपुढे धरले.

"हे घ्या. पोट थांबेल."

रंभाजीने डोळे किलकिले केले. "काय आहे यात?"

मंजुळा बोलणार, तेवढ्यात तुळाजी पुढे झाला. त्याच्या तोंडात एक सोपे उत्तर तयार होते. तीर्थाहून आणलेले चूर्ण आहे, असे सांगायचे. पाहुणे हात जोडून प्याले असते. पोट थांबल्यावर बोलणीही कदाचित पुन्हा सुरू झाली असती. कणगीवर उभा राहिलेला मान चूर्णावर पुन्हा उभा राहिला असता.

त्याची नजर पेले धरलेल्या हातांवर गेली. मंजुळेच्या उजव्या अंगठ्याला कोय फोडताना दगड लागून काळा डाग पडला होता. बोटांना तुरट पाण्याने भेगा गेल्या होत्या. हे हात रोज त्याला भाकरी वाढत होते. त्याने ते आजपर्यंत पाहिले नव्हते. तो ढीग पाहत होता.

तुळाजीने ते सोपे उत्तर गिळून टाकले.

"कोय आहे," तो म्हणाला. "तुम्ही आम्ही फेकतो तीच. माझ्या लेकीनं ती फोडली, भिजवली, दळली. दारातला ढीग तिनंच संपवला आणि आम्हांला जेवू घातलं. कणगी मी ठेवली. लबाडी माझी आहे, तिची नाही. मुलगी नको म्हणालात तर नको. पण ताक घ्या."

रंभाजी म्हणाला, "कोय? उकिरड्यातली? वळचणीच्या माणसानं ती खायची?"

"खायची नाही, प्यायची," ठकूबाई म्हणाली.

रंभाजीने तोंड फिरवले. हैबतीने मात्र हात लांबवून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"कसं लागतं?" मामाने क्षीण आवाजात विचारले.

"तुरट आहे," हैबती म्हणाला. "पण धीर देतं."

मग मामा प्याला. मग दोघे नातलग प्याले. रंभाजी वळचणीचा होता, तो प्याला नाही. तो आणखी दोनदा बागेत जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने कोणाकडे न पाहता पेला उचलला.

पोटे हळूहळू थांबली. उन्हे उतरेपर्यंत सगळे उठून बसले. मंजुळेने त्यांना भाताची मऊ पेज दिली आणि ताकाचा दुसरा पेला दिला. मामाने तिसराही मागितला, तो मात्र तिने दिला नाही. "औषध आहे, मामा. आंबा नाही."

हैबती हसला. मग रंभाजीही हसला, पण पोट सांभाळून.

तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत बसला. नंतर म्हणाला, "तुळाजीराव, मुलगी द्याल का?"

तुळाजीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "पण ढीग?"

"ढीग पाहिला."

तुळाजी हात जोडून उठला. तो हो म्हणणार होता, इतक्यात मंजुळा म्हणाली, "आबा, थांबा. यांना मामंजी म्हणण्याआधी मला यांनाच एक विचारायचं आहे. तुमच्या दारातला ढीग वळचणीला टेकलेला आहे ना? त्याच्या आत काय आहे?"

रंभाजीने मुलाकडे पाहिले. मुलाने आढ्याकडे पाहिले. मामाला एकदम खोकला आला.

"कोयीच आहेत," रंभाजी म्हणाला. मग त्याने तुळाजीकडे पाहिले. तो माणूस थोड्या वेळापूर्वी सगळ्यांदेखत आपली लबाडी सांगून मोकळा झाला होता, आणि आता स्वस्थ बसला होता. रंभाजीला त्या स्वस्थपणाचा हेवा वाटला.

"बैलगाडी आहे," तो म्हणाला. "आमच्या वडिलांनी घातलेली. त्यावर दरसाल दोन हात कोयी टाकतो. तुमची कोंबडी बोलली, आमची गाडी बोलत नाही. एवढाच काय तो फरक."

"मग ती आधी बाहेर काढा," मंजुळा म्हणाली. "सगळ्यांच्या देखत. नीट करा. आणि तिच्यातूनच मला न्यायला या."

रंभाजीने मान डोलवली. ती सोपी गोष्ट नव्हती. तीन पिढ्यांचा मान होता. गावी परत जाताना डोंगरावर तो चार वेळा थांबला, आणि पोट तर आता बरे होते. पण दुसऱ्या दिवशी भर सकाळी त्याने स्वतः फावडे हातात घेतले. हैबतीने पाट्या भरल्या. अख्खे गाव पाहायला जमले. कोयींच्या आत चाके दिसू लागली तेव्हा कोणी हसले नाही. जो तो आपापल्या घराकडे पाहू लागला.

आठवड्याभरात त्या गावात आणखी पाच ढीग उपसले गेले. एकात उखळ निघाले. एकात पलंग निघाला. एकात घरच्या सुनेची पेटी निघाली. ती हरवली म्हणून सून सहा वर्षे बोलणी खात होती. चांगल्या कोयी निवडून बायकांनी त्या वाळत घातल्या आणि कुजलेल्या झाडांच्या बुंध्याशी पुरल्या. आता हे दळायचे कसे, म्हणून सगळ्या जणी नव्या सुनेची वाट पाहू लागल्या.

लग्नाच्या दिवशी गाडी आली. सुताराने तिला नवा कणा आणि नवे जू घातले होते. चाके मात्र जुनीच होती. तुळाजीने लेकीला हात धरून गाडीत बसवले. तिच्या शेजारी त्याने कोयीच्या पिठाची गोणी ठेवली. ते पीठ त्याने स्वतः दळले होते, आणि आदल्या दिवशी सगळ्या गावाला हाका मारून दाखवले होते. त्याने बैलाच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला आणि बाजूला झाला.

गाडी निघाली. चाके अशी करकरू लागली की वाजंत्री ऐकू येईना. रंभाजीला लाज वाटली. तो म्हणाला, "सूनबाई, जरा थांबवतो. आसाला वंगण घालतो."

मंजुळा म्हणाली, "असू द्या, मामंजी. बोलू द्या तिला. किती वर्षं गप्प बसली होती."

तात्पर्य: किती टाकले यावरून घर मोठे ठरत नाही, टाकलेल्यातून चार घास आणि दोन गुण शोधणारा हात ज्या घरात आहे, आणि तो हात आपला आहे असे चारचौघांत सांगायला जे घर लाजत नाही, तेच घर मोठे.